उभं राहता येईल असा माळा

श्रीरंगने पहिल्या दिवशी स्वतः काढलेलं जे चित्र आणलं, त्यात माळ्याची उंची मधोमध साडेचार फूट होती. मी त्याला विचारलं, "इथे माणसं राहणार आहेत ना?" तो म्हणाला, "हो, पण झोपायलाच तर जायचंय." माझं डोकं तिथेच फिरलं.

मी छपरांच्या कैच्यांचं डिझाइन करते. कैची म्हणजे छपराखालचा तो तिकोनी सांगाडा, हल्ली सगळे त्याला ट्रस म्हणतात. बेळगाव सोडून बेंगळुरूच्या येलहंकात आले त्याला सत्तावीस वर्षं झाली, तेव्हापासून गोदामं, कारखाने, लग्नाची सभागृहं हेच चाललंय. श्रीरंग आणि सुखदा पुण्याचे, दोघंही आयटीतले, सर्जापूर रोडला चौदाव्या मजल्यावर राहणारे. देवनहळ्ळीच्या पुढे त्यांनी दोन एकर जमीन आणि आठ गाई घेतल्या होत्या. आता पक्का गोठा बांधायचा होता, आणि गोठ्यावर माळा. अर्ध्या माळ्यात चारा, अर्ध्यात यल्लाप्पा आणि गंगव्वा.

यल्लाप्पा गाई सांभाळायचा आणि शेतावरच्या पंपघरात झोपायचा. गंगव्वा त्याची बायको. ती सर्जापूर रोडच्या फ्लॅटमध्ये स्वयंपाक करायची आणि तिथेच राहायची. दोघांच्या मध्ये अख्खं बेंगळुरू. मालक रविवारी गाई बघायला यायचे तेव्हा तिला गाडीतून आणायचे, संध्याकाळी परत न्यायचे. चार वर्षं या नवरा-बायकोचा संसार रविवारी दहा ते पाच एवढाच चालला होता. माळा झाला की गंगव्वाला इकडे पाठवायचं ठरलं होतं, सुखदाने दुसरी स्वयंपाकाची बाई बघूनही ठेवली होती. माणसं वाईट नव्हती, हे मला मुद्दाम सांगायला हवं, कारण पुढे मी त्यांना बऱ्याच शिव्या घालणार आहे.

साध्या कैचीच्या पोटात तिरपे दांडे भरलेले असतात. पोटात खोली हवी असेल तर ते दांडे काढावे लागतात, आणि त्यांचं काम दुसऱ्यांच्या गळ्यात घालावं लागतं. खालची तुळई जाड करा, छपराचा उतार वाढवा, खोलीच्या भिंती होतील तिथे दोन उभे दांडे द्या. मी उतार जवळजवळ दुप्पट केला. छप्पर उंच असलं की उष्णता वर जाते, गाई दूध जास्त देतात, असं श्रीरंगला पटवलं. त्यात निम्मं खरं होतं. मधे गव्हाणीच्या ओळीत खांब घेतले. गंगव्वाचे गुडघे दुखतात असं कळलं म्हणून शिडी काढून नीट जिना बसवला. वारा खेळावा म्हणून टोकाच्या भिंतीत मोठी खिडकी दिली. दहा फूट रुंद खोली, कडेलासुद्धा सात फूट उंच. माळ्याच्या जमिनीवर राहत्या घराला धरतात तेवढाच भार धरला, चौरस मीटरला दोनशे किलो, कारण ते घरच होतं. तीन आठवडे मी दुसऱ्या कामाला हात लावला नाही. इतकं बरं वाटलं होतं मला त्या दिवसांत.

नागराज आमचा फॅब्रिकेटर. पहिली कैची पूर्ण मापाने जमिनीवर आखल्याशिवाय तो पाइप कापत नाही. दोरी मारायची, खडूने रेघा ओढायच्या, आणि मगच करवत. एका रविवारी त्याने अशी आखणी केली आणि मी सगळ्यांना बोलावून घेतलं. ही माझी हौस. कामाला त्याची काही गरज नव्हती.

आखणी जमिनीवर आडवी असते, त्यामुळे आत उभं राहता येतं का ते बघायचं तर आडवं व्हावं लागतं. यल्लाप्पा तळव्यांनी खालची रेघ दाबून उताणा झोपला आणि त्याने डोक्यामागे वरच्या रेघेकडे हात ताणला.

"अक्का, हात बी पुरेना की ओ!" तो ओरडला.

गंगव्वाने आत पाऊल टाकण्याआधी चपला काढून खडूच्या रेघेबाहेर ठेवल्या. मग ती कोपऱ्यात जाऊन बसली, उठली, दुसऱ्या कोपऱ्यात बसली. "इकडं चूल नको, वारा लागतोय," ती नवऱ्याला म्हणाली. जमिनीवरच्या खडूला वारा लागत होता तिच्या! आम्ही सगळे हसलो. मी तर डोळे पुसत हसले.

श्रीरंगने पावलं मोजली. "दहा फूट? आमची मास्टर बेडरूम अकरा आहे."

"आणि ही खिडकी कुठे उघडते?" सुखदाने विचारलं.

"उत्तरेला," मी म्हणाले. "समोर नंदीचा डोंगर. पहाटे ढग खाली उतरतात तेव्हा बघा तुम्ही." कुणी विचारलं होतं मला ढगांचं? पण आपल्या कामाचं कौतुक होताना माणसाची जीभ सैल सुटते, आणि माझी तर आधीच सैल आहे. सुखदा खिडकीच्या रेघेपाशी जाऊन उभी राहिली आणि बराच वेळ समोर बघत राहिली. समोर नागराजच्या वर्कशॉपची भिंत होती.

मंगळवारी श्रीरंगचा फोन आला.

"वीणाताई, ऑनेस्टली, इतकं सुंदर निघेल असं वाटलंच नव्हतं. आम्ही ती पाहुण्यांची खोली करतोय. वीकेंडला लोक येतील. गाई, डोंगर, वुडन फ्लोअर. सगळं तुमच्यामुळे."

"आणि यल्लाप्पा?"

"त्याला पंपघर आहे ना. त्याला सवय आहे."

"गंगव्वा?"

"सुखदा म्हणते, ती तिथे एकटी बोअर होईल."

एकटी! नवऱ्याजवळ राहून एकटी! आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो असा, आणि बीळ खणून देणारी मी. मी विचारलं, निदान चाऱ्याच्या अर्ध्यात त्यांची सोय होईल का? तिथे बाथरूम आलं होतं. चारा बाहेर ताडपत्रीखाली जाणार होता.

मग मी खोटं बोलले. सत्तावीस वर्षांत आकड्यांच्या बाबतीत पहिल्यांदा. म्हणाले, "माळ्यावर मी दोन माणसांपुरताच भार धरलाय. पाहुण्यांची गर्दी चढली तर जबाबदारी माझी नाही."

मग तो अगदी अदबीने म्हणाला, "पण रिपोर्टमध्ये पान नऊवर चौरस मीटरला दोनशे किलो लिहिलंय. मी वाचला ना. खाली सही तुमचीच आहे."

आजवर माझ्या एकाही गिऱ्हाइकाने रिपोर्ट उघडून पाहिला नव्हता. पहिल्यांदाच एकाने वाचला, आणि तो हा. मी काम सोडते म्हणाले. तो म्हणाला, "असं नका ना करू. पण ड्रॉइंग्ज पूर्ण झालीत, नागराज करेल." तेही खरंच होतं. मी फोन ठेवला आणि काम सोडलं नाही. अजून काहीतरी वळवता येईल असं उगीच वाटत होतं. करायला गेले गणपती आणि झाला मारुती.

महिन्याभराने खांब तपासायला शेतावर गेले. रविवार होता, तरी गाडी दिसली नाही. यल्लाप्पा शेण भरत होता. त्याने हात धुतले आणि पंपघरातून माझ्यासाठी स्टूल आणलं. दारातून आत नजर गेली. मोटर, खाट, आणि दोन्हीच्या मधे जेमतेम हातभर जागा.

"गंगव्वा नाही आली?"

"आज त्यांच्याकडं माणसं जेवायला हाईत." तो समोर उकिडवा बसला. "आता सवय करायलाच पायजे, अक्का. माळा झाला की रविवारी इथं पाहुणे असणार. मग मालक मधल्या वारी येणार. मधल्या वारी तिला तिकडं काम. तिला कोण आणणार?"

"बसने?"

"तीन बस बदलायच्या. यायला तीन तास, जायला तीन तास. तिचे गुडघे बगितलेत की तुम्ही."

म्हणजे दहा ते पाचसुद्धा गेलं होतं. म्हणाले, "मी परत बोलते श्रीरंगशी."

"बेड, बेड," तो कानडीवर आला. "नको अक्का." त्याने दोन्ही हात हलवले. "मागं तुम्ही बोललात तर मालकांनी मला विचारलं, मॅडमला तू शिकवलास काय म्हणून."

एक गाय दाव्याला हिसके देत होती. तो उठून तिला मोकळं करून आला आणि परत तसाच बसला.

"अक्का, राग नसावा," तो म्हणाला. "मालकांनी आधी काढलेला माळा तसाच बुटका ऱ्हायला असता, तर तो कुणालाच आवडला नसता. आमचाच झाला असता की ओ. आम्ही वाकून ऱ्हायलो असतो."

त्याने हे अगदी साधेपणाने सांगितलं, जसं कुणी चुकलेला रस्ता सांगतं. मी उठले, ओळंबा सोडला आणि एकेक खांब तपासला. सगळे सरळ होते. नागराजच्या कामात खोट नसते. मग मी कागद मांडीवर धरला आणि पुढचं काम सुरू करायला हरकत नाही असं लिहून खाली सही केली.