लाव आणि नीघ

ऑलिंपिकचं सुवर्णपदक घेऊन बारक्या घरी आला, तेव्हा सगळ्यांनी एकमताने ठरवून टाकलं की आता व्यावसायिक बॉक्सिंग म्हणजे त्याच्या डाव्या हातचा मळ. ठरवणाऱ्यांपैकी एकानेही आयुष्यात ठोसा खाल्लेला नव्हता, हे वेगळं सांगायला नको. बारक्या हे घरातलं नाव. सव्वासहा फुटी माणसाला ते मुळीच शोभत नव्हतं, पण ताईने ठेवलं होतं, आणि ताईने ठरवलेलं काही बदलायची त्या घरात पद्धत नव्हती.

ताई शाळेत खेळाची शिक्षिका. भाऊ नऊ वर्षांचा असताना शाळेच्या सामानाच्या खोलीत, मोडक्या बाकांमध्ये जागा करून, तिने त्याला पहिला ठोसा शिकवला. पुढे पंधरा वर्षं शिकवण एकच होती, 'लाव आणि नीघ.' ठोसा लावायचा, पंचांना तो नीट दिसू द्यायचा, आणि समोरच्याचा हात यायच्या आत एक पाऊल मागे, उजवीकडे. ऑलिंपिकची लढत म्हणजे तीन फेऱ्या, नऊ मिनिटं. तेवढ्यात अंगात असेल नसेल ते सगळं ओतायचं, घरी न्यायला काही शिल्लक ठेवायचं नाही. ही शिकवण चुकीची होती असं कोणी म्हणू नये. पदक तिनेच आणलं.

व्यावसायिक झाल्यावर पहिल्या तीन लढती दुसऱ्या फेरीपुढे गेल्याच नाहीत. समोर आणलेले गडी असे, की जोराच्या वाऱ्यानेही पडले असते. त्यामुळे बारक्याला काय येत नाही, ते कोणाला कळलंच नाही. फक्त व्यायामशाळेचे मास्तर कुरकुरायचे. चाळीस वर्षं त्यांनी धंदेवाईक बॉक्सर घडवले होते.

"ताई, पोरगं माझ्या हाती द्या," ते दर आठवड्याला म्हणत. "तुम्ही त्याला पळायला शिकवलंत. इथे लांब चालायचं असतं."

बारक्याचं उत्तर ठरलेलं. "ताई नसेल तर मी नाही." ते ऐकून ताईला बरं वाटायचं. खोटं कशाला बोला, फारच बरं वाटायचं. शेवटी तोडगा निघाला तो असा, की कोपऱ्यात मास्तरांनी पाण्याची बादली सांभाळायची आणि बोलायचं ताईने.

चौथी लढत आठ फेऱ्यांची होती, रविवारी दुपारी. समोर एक गवंडी. वय छत्तीस, बावीस लढती हरलेला, आदल्या दिवशी वजन करायला आला तेव्हाही नखांत सिमेंट. पहिल्या तीन फेऱ्यांत बारक्याने त्याला अक्षरशः नाचवला. गवंड्याच्या नाकातून रक्त आलं. त्याने ते मनगटाने पुसलं आणि भिंत ओळंब्यात आहे का बघावं, तसा तो बारक्याच्या पायांकडे बघत राहिला.

तिसरी फेरी संपल्याची घंटा झाली. बारक्या कोपऱ्यात येऊन स्टुलावर बसला आणि त्याने दोन्ही हात पुढे केले. ताईने खिशातून कात्री काढून डाव्या ग्लोव्हची चिकटपट्टी कापली.

"अहो, काय करताय?" मास्तरांनी तिचं मनगट धरलं. "अजून पाच राउंड आहेत."

ताईने भावाकडे पाहिलं, त्याने तिच्याकडे. दोघांनाही हसू फुटलं. मग नवी पट्टी सोडवता सोडवता ती थांबली. पंधरा वर्षं तिसऱ्या घंटेनंतर ती हेच करत आली होती, पण हात तर त्याने आपणहून पुढे केले होते. म्हणजे त्याच्या अंगाच्या हिशेबीही लढत संपलेली होती.

नवी पट्टी लावून होईपर्यंत गवंडी दोरांना टेकून उभा होता. त्याला कसलीच घाई नव्हती.

चौथ्या फेरीत बारक्याचे पाय जड झाले. ठोसे अजून नेमके बसत होते, पण ते गुण मिळवायचे ठोसे होते, माणूस मोडायचे नव्हेत. गवंडी ते अंगावर घेत पुढेच येत होता. "लाव आणि नीघ," ताई ओरडली. बारक्याने लावला, मागे उजवीकडे पाऊल टाकलं, आणि पंचांना लिहायला वेळ द्यावा तसे त्याचे हात वीतभर खाली आले. तेवढ्यात गवंड्याचा डावा ठोसा त्याच्या बरगडीत बसला. पाचव्या फेरीत तेच. सहाव्या फेरीत डोळा सुजला. ताई ओरडायची, बारक्या ऐकायचा, आणि ऐकलं की मार खायचा. असं सात-आठ वेळा झाल्यावर तिच्या ध्यानात आलं, की गवंडी आता बारक्याच्या पायांकडे बघतच नव्हता. तो तिच्या आवाजाची वाट बघत होता.

ती गप्प झाली. बारक्याने मान वळवून कोपऱ्याकडे पाहिलं, आणि त्याच क्षणी ठोसा बसून तो गुडघ्यावर आला. रेफरीने आठपर्यंत मोजलं तेव्हा तो उठला. लगेच घंटा झाली म्हणून वाचला.

"ताई, तू बोल ना," स्टुलावर बसल्याबसल्या तो म्हणाला. "तू गप्प झालीस की मला काही सुचत नाही."

"मास्तर, तुम्ही बोला," ती म्हणाली आणि पायऱ्या उतरून चालू लागली. खुर्च्यांच्या रांगांमधून, दार ढकलून, कपडे बदलायच्या खोलीपर्यंत. मागे वळून बघण्यासाठी तिचा जीव तुटत होता. तिने बघितलं नाही.

दोन फेऱ्यांचा गलका तिने बाकावर बसून ऐकला. आधी आला गवंडी, एक हात बरगडीला धरून.

"जिंकलोय मी," तो तिला म्हणाला, "पण शेवटच्या दोन राउंडमध्ये समोर कोणीतरी दुसराच माणूस होता. हाडं खिळखिळी केली त्याने. आधी कुठे होता?"

मग मास्तरांच्या खांद्यावर हात टाकून बारक्या आला. त्याला बाकावर बसवून मास्तर डॉक्टरांना बोलवायला गेले.

"कुठे गेली होतीस?"

"इथेच होते."

"दोनदा वळून बघितलं मी. तू नव्हतीस. मग मारत सुटलो. मागे सरकायचं राहूनच गेलं." हे त्याने तक्रारीच्या सुरात सांगितलं. "पुढच्या वेळी जाऊ नकोस."

ताईने बर्फाची पिशवी त्याच्या डोळ्यावर धरली.

"पुढच्या वेळी मी येणारच नाहीये. उद्यापासून मास्तरांकडे जायचं. ते सांगतील तसं करायचं आणि नाही पटलं तर त्यांच्याशी भांडायचं."

तो आत्ताच भांडेल, अशी तिची खात्री होती. भांडला असता तर ती विरघळलीही असती. बारक्याने तिच्या हातातून पिशवी घेतली, स्वतःच डोळ्यावर धरली आणि म्हणाला, "बरं."

पंधरा वर्षांत त्याने तिचा एकही शब्द मोडला नव्हता. हा एक तरी मोडेल, असं तिला फार वाटलं होतं.