पिकअपची किल्ली

मागच्या चाकातून करकर आवाज येतोय हे आधी मला ऐकू आलं, ह्यांना नाही. जन्मभर लोकांच्या गाड्या दुरुस्त केलेला माणूस. रस्त्यावरून जाणाऱ्या परक्या गाडीचं दुखणं ह्यांना घरात बसून कळायचं, आणि आता स्वतःच्या पिकअपचं कळू नये? मी म्हटलं, "अहो, मागचे ब्रेक ओरडतायत." तर म्हणतात, "गाडी नाही ओरडत. या घरात ओरडणारं दुसरंच कुणीतरी आहे." जीभ अजून शाबूत होती. तिथेच तर मी फसले.

किल्ली काढून घे, असं मुलीचं म्हणणं होतं. डॉक्टरही तेच म्हणत होते, फक्त गोड बोलून. झालं असं की मध्यंतरी हे पिकअप घेऊन दूध आणायला गेले आणि थेट आपल्या जुन्या गॅरेजसमोर जाऊन उभे राहिले. गॅरेज केव्हाच बंद झालंय, तिथे आता कपड्यांचं दुकान आहे. शटर खाली होतं. आतून कुणीतरी उघडेल म्हणून हे हॉर्न वाजवत बसले. दुकानदार भला माणूस, त्याने फोन केला, मुलगी जाऊन घेऊन आली. तेव्हापासून तिचा एकच धोशा, "आई, किल्ली."

हिला बोलायला काय जातं! सकाळी डोळे उघडले की हे आधी उशाशी हात घालून किल्ली चाचपतात, मग चष्मा शोधतात. ती काढून घ्यायची म्हणजे तोंडावर सांगायचं, तुमचं आता संपलं. आणि सांगायचं कुणी, तर मी. माझ्याने ते होणार नव्हतं. म्हणून मी मुलीला म्हटलं, "मागचे ब्रेक पॅड बदलायचेच आहेत. त्यांनाच बदलू दे. नीट बदलले तर किल्ली त्यांच्याकडे राहील आणि तू परत तो विषय काढायचा नाहीस."

"आणि नाही जमलं तर?"

"तर मी माझ्या हाताने काढून घेईन."

बोलून बसले खरी. मनातून मला खात्री होती की जमणार. एक वेळ हे माझा वाढदिवस विसरतील, तसा तो कधी लक्षात नव्हताच म्हणा, पण ब्रेक विसरणार नाहीत.

सकाळी नाश्ता झाल्यावर अंगणात काम सुरू झालं. मी बाजूला स्टूल टाकून बसले, भाजी निवडायचं निमित्त करून. ह्यांनी पुढच्या चाकांना दगड लावले. हँडब्रेक खाली केला. डाव्या चाकाचे नट आधी जमिनीवरच सैल केले, मग जॅक, मग खाली लोखंडी स्टँड. जॅकवर विश्वास ठेवणारा माणूस एकदाच चूक करतो, असं ते आल्यागेल्याला ऐकवायचे. आज बोलले नाहीत, पण स्टँड लावला. मी शेंग मोडता मोडता मान खाली घालून हसले.

चाक निघालं. पॅड धरून ठेवणाऱ्या कॅलिपरचे बोल्ट निघाले. कॅलिपर ब्रेक ऑइलच्या नळीवर लोंबू नये म्हणून ह्यांनी तो तारेने वर बांधला. जुने पॅड काढले, पिस्टन क्लॅम्पने हळूहळू आत दाबला, डिस्क कपड्याने पुसली, नवे पॅड बसवले. हात कुठेही अडखळला नाही. सकाळी शर्टाची बटणं लावताना हेच हात एखादं बटण धरून नुसते थांबतात. इथे मात्र एकेक वस्तू आपण होऊन हातात येत होती.

मग ह्यांनी जुने पॅड स्वच्छ फडक्यावर ठेवून माझ्यापुढे धरले. "बघा राणीसाहेब. नखाएवढे राहिलेत."

ही ह्यांची पहिल्यापासूनची पद्धत. काढलेला जुना भाग फडक्यावर ठेवून गिऱ्हाइकाला दाखवल्याशिवाय गाडी द्यायची नाही. उगाच कुणी म्हणायला नको की न बदलताच बदलला म्हणून सांगितलं. दाखवून झालं की किल्ली दोन्ही हातांनी द्यायची आणि बजावायचं, निघण्याआधी ब्रेकचं पेडल दाबून घ्या. गॅरेजमध्ये येणारी प्रत्येक बाई ताई, मग ती कॉलेजातली पोर का असेना. मी चिडवायचे, "बहिणी भरपूर झाल्या, आता भाऊबंद तेवढे शोधा." राणीसाहेब मात्र मी एकटीच.

चहा झाला आणि उजवं चाक उघडलं. जुने पॅड निघाले, पिस्टन आत गेला. नवे पॅड खोक्यातून काढून ह्यांनी जुन्यांच्या शेजारी फडक्यावर मांडले. तेवढ्यात आत फोन वाजला.

मुलगीच होती. मी काय सोडते की काय! "एक बाजू झालीसुद्धा," मी म्हटलं. "आणि काय झालीय! बघायला हवं होतंस बापाचे हात. तू आणि तुझे डॉक्टर, दोघांनी येऊन शिकून जा. किल्ली घ्यायला निघाली होती!"  ती म्हणाली, "खरंच, आई?" लहानपणी विचारायची अगदी तसं. मला वाटायचं, पोरगी कठोर झालीय. तिलाही तेच हवं होतं जे मला हवं होतं. मग मी जरा जास्तच बोलत राहिले. आनंद झाला होता मला, दुसरं काय.

बाहेर आले तर काम आटपलेलं. चाक जागेवर, जॅक काढलेला, पाने पुसून पेटीत. हे फडकं घेऊन माझ्याकडे आले, नेहमीसारखे, जरा वाकून.

"हे बघा ताई," हे म्हणाले, "पार झिजलेत."

फडक्यावर नवे कोरे पॅड होते. जाडजूड, डाग नसलेले, कडेचा रंगही न उडालेला. झिजलेले पुन्हा आत बसले होते, अगदी व्यवस्थित, सगळे नट आवळून.

मी पॅडकडे बघितलं, मग ह्यांच्या तोंडाकडे. चेष्टेचं हसू शोधलं मी तिथे. ते नव्हतं. होतं ते गिऱ्हाइकासाठीचं, समजूत घालणारं हसू.

"इतके दिवस असंच चालवत होतात?" ह्यांनी विचारलं. "घरात कुणी लक्ष देत नाही का?"

"द्यायचे हो," मी म्हटलं.  "माझे मिस्टर बघायचे सगळं."

"मग आता?"

"आता त्यांना नाही जमत."

ह्यांनी फडकं गुंडाळून बाजूला ठेवलं. "असू द्या," म्हणाले. "काळजी करू नका. काही वाटलं तर इकडे घेऊन या. मी आहे ना."

नवऱ्याने बायकोला ताई म्हटलं आणि धीरही दिला.  आणि मग ह्यांनी खिशातून किल्ली काढली. जिच्यासाठी मी रात्ररात्र वाक्यं जुळवत होते, कसं मागू, काय कारण सांगू, हे रडले तर काय करू, ती किल्ली ह्यांनी दोन्ही हातांनी माझ्या तळहातावर ठेवली.

"निघण्याआधी पेडल दाबून घ्या. कडक लागेपर्यंत."

मी गाडीत जाऊन बसले. दुसरं काय करणार होते? पेडल दाबलं. पहिल्यांदा ते पार तळाला गेलं, मग हळूहळू कडक झालं. तोवर ह्यांनी जाऊन फाटक उघडलं होतं आणि रस्त्यावर दोन्हीकडे बघून मला हात करत होते, "येऊ द्या, येऊ द्या."

मी तशीच बसून राहिले. मुठीत किल्ली होती आणि डोळ्यांतलं पाणी थांबत नव्हतं.

थोड्या वेळाने हे खिडकीशी आले. काचेवर हलकेच बोटं वाजवली. "काय झालं ताई? रस्ता आठवत नाहीये का? घर कुठं तुमचं?"

"इथंच आहे हो," मी म्हटलं. "अगदी जवळ."

"मग एवढी घाई कसली? चहा घेऊन जा. आमची ही चहा फार छान करते." आणि घराच्या पायरीवर उभं राहून ह्यांनी आत हाक मारली, "राणीसाहेब! ऐकलंत का? पाहुणे आलेत, चहा टाका."

आतून उत्तर येईना. ह्यांनी पुन्हा हाक मारली, जरा मोठ्याने. मग तिसऱ्यांदा. या वेळी आवाज कापरा झाला होता, आणि हे उंबऱ्यावर हात टेकून, आत वाकून मला शोधत होते.

मी डोळे पुसले, किल्ली पदराच्या टोकाला गच्च बांधली आणि गाडीतून ओरडले, "आले हो, आले!"