वाट न देणारं शहर

त्या गावात बाईंना कोणी हॉर्न वाजवत नसे. पिवळ्या टपाची त्यांची बुटकी गाडी चौकात शिरली की बँकेचा मॅनेजर थांबे, दूधवाला थांबे, आणि दंतवैद्य तर गाडी चार हात मागे घेऊन उभा राही. कारण उघड होतं. गावातल्या निम्म्याहून अधिक लोकांना गाडी चालवायला बाईंनीच शिकवलं होतं आणि उरलेल्यांना बाईंच्या जिभेची धास्ती होती. बाईंचं स्वतःचं मत मात्र असं, की आपण गाडी इतकी सुरेख चालवतो की लोकांना थांबून बघावंसं वाटतं. माणसाने स्वतःबद्दल चांगलं मत ठेवावं. दुसरं कोणी ठेवेलच याची खात्री नसते.

अशा सुखाच्या दिवसांत धाकटीचा फोन आला. धाकटी म्हणजे बाईंची पाठची बहीण. दूरच्या मोठ्या शहरात तिचंही ड्रायव्हिंग स्कूल होतं. दोघी बहिणी एकाच धंद्यात, म्हणून एकमेकींशी फारसं पटत नसे; पण अडीनडीला दुसरं कोण आठवणार?

"ताई, माझा गुडघा कामातून गेला," धाकटी म्हणाली. "डॉक्टरांनी क्लचच बंद केलाय. तू ये. मी ऑफिसात बसते, तू गाडीत बस. भाऊजींना घेऊन कायमचीच ये."

"कायमची?"

"मग काय, पाहुणी म्हणून शिकवणार आहेस? पलीकडच्या गल्लीतला स्कूलवाला माझ्या गाड्यांवर टपून बसलाय. महिनाअखेरपर्यंत सांग. नाहीतर देऊन टाकते त्याला आणि बसते खिडकीत."

बाईंनी फोन ठेवला आणि साहेबांकडे पाहिलं. साहेब म्हणजे बाईंचे यजमान. वजनमापे खात्यात निरीक्षक होते. उभा जन्म दुकानादुकानांतून लोकांचे काटे तपासण्यात गेला. निवृत्त होऊन वर्षं झाली तरी गाव त्यांना साहेबच म्हणत होतं, आणि साहेबही प्रत्येक गोष्ट दोन पारड्यांत टाकल्याशिवाय हलत नसत. नवा शर्ट घ्यायचा तर जुन्या शर्टाचीही बाजू ऐकून घेत.

"तोलून बघू," साहेब म्हणाले. झालं! रोज सकाळी चहाबरोबर तोलणं सुरू झालं.

"तिथे इस्पितळ घराजवळ आहे," साहेब म्हणायचे. "पण इथला डॉक्टर ओळखीचा आहे."

"तो ओळखीचा आहे म्हणूनच औषध न देता गप्पा मारतो," बाई म्हणायच्या.

"तिथे तुझी बहीण आहे. इथे शेजारीण आहे. बहिणीशी तुझं दोन दिवसांच्या वर पटत नाही आणि शेजारणीशी पटतच नाही. म्हणजे दोन्ही बाजू सारख्याच. तिथे चौथा मजला, जिना चढावा लागेल. इथे तळमजला, पण भिंतींना ओल. तिथे कामाला तोटा नाही. इथे जिवाला दगदग नाही."

असं करता करता काटा मधोमध येऊन उभा राहिला की साहेबांच्या चेहऱ्यावर समाधान पसरे आणि बाईंच्या कपाळावर आठी चढे.

"अहो, तुमचा काटा मधे उभा राहिला की तुम्हाला आनंद. पण मला बसायचं की उठायचं ते कळत नाही ना!"

"काटा मधे उभा राहिला तरच तो खरा म्हणायचा."

"ते दुकानात. तुम्हाला स्वतःला काय वाटतं?"

"मला काय, तू म्हणशील तसं," म्हणून साहेब वर्तमानपत्रात तोंड घालत. ताकाला तूर लागू देतील तर शपथ.

आता बाईंचीही एक गोष्ट पारड्यात पडलेली नव्हती. त्यांनी ती कोणालाच सांगितली नव्हती. इथे आपण 'बाई' आहोत. नुसतं खाकरलं तरी समोरची गाडी बाजूला होते. तिथे आपण कोण? पांढऱ्या केसांची एक जाडसर बाई. आणि समजा, तिथे गेल्यावर असं निघालं, की आपण चांगलं शिकवत नव्हतो, फक्त लोक आपल्याला ओळखत होते? वासरांत लंगडी गाय शहाणी म्हणतात, त्यातली गत असली तर? हा विचार आला की बाई विनाकारण कोणाला तरी क्लचवरून ओरडायच्या.

शेजारणीच्या कानावर गोष्ट गेलीच. "दुरून डोंगर साजरे हो," ती कुंपणावरून म्हणाली.

"मग जवळ जाऊन बघते," बाई म्हणाल्या, आणि त्याच आठवड्यात एक पिशवी भरून धाकटीकडे गेल्या. साहेब घर सांभाळायला मागे राहिले. निघताना म्हणाले, "दोन्ही बाजू बघून ये."

धाकटीचं ऑफिस म्हणजे तळमजल्यावरची एक अरुंद खोली. टेबल, दोन खुर्च्या, भिंतीवर वाहतुकीच्या खुणांचा रंग उडालेला तक्ता. धाकटी एका खुर्चीत आणि तिचा पाय दुसऱ्या खुर्चीत. शिकायला येणाऱ्याने उभं राहायचं. पहिल्याच सकाळी तिने बाईंच्या हातात किल्ली दिली आणि सांगितलं, "ही नर्स घेऊन जा. परीक्षेत सारखी नापास होतेय. हात चांगला आहे, पण चौकात आली की पुतळा होते."

नर्स समोरच उभी होती. उंच, सडपातळ, रात्रपाळी करून आलेली, तरी टवटवीत. धाकटीचं बोलणं ऐकून ती ओशाळली.

"चल गं," बाई म्हणाल्या. "असे पुतळे मी पुष्कळ चालते केलेत."

गाडी निघाली. शिकवणाऱ्याच्या पायाशीही एक ब्रेक असतो, त्यावर बाईंनी सवयीने पाय ठेवला, आणि सवयीनेच जीभ चालू केली. आता गिअर बदल. आरशात बघ. आता हळू. आता डावीकडे. नर्स मुकाट्याने ऐकत होती. सांगितलं तेवढंच करत होती, आणि प्रत्येक चौकात थांबून बाईंच्या तोंडाकडे बघत होती. मागचे हॉर्न वाजवत होते. एक नाही, दहा जण! वाट द्यायचं सोडाच, एक टेम्पोवाला तर बाईंच्या नाकासमोरून गाडी घालून गेला. बाई काच खाली करून म्हणाल्या, "अरे, जरा बघून!" त्याने वळूनसुद्धा पाहिलं नाही. गावात हे एक वाक्य पुरलं असतं. तो माणूस संध्याकाळी घरी माफी मागायला आला असता.

कोपऱ्यावर एक बेकरी दिसली. बाईंच्या गावातही कोपऱ्यावर बेकरी होती आणि तिच्यापुढे डावीकडे शाळेचा रुंद, रिकामा रस्ता होता. वर्षानुवर्षं प्रत्येक शिकाऊ माणसाला त्यांनी तिथे वळायला लावलं होतं. जिभेला काय, गाव बदललेलं कळत नाही. "डावीकडे!" बाई म्हणाल्या, आणि नर्सने निमूटपणे गाडी डावीकडे घातली.

गाडी शिरली ती एका फर्निचरच्या गोदामाच्या अंगणात. समोरून दोन हमाल कपाट घेऊन येत होते. मागून एक ट्रक आत आला आणि वाट बंद झाली. हमाल कपाटासकट थांबले. ट्रकवाल्याने खिडकीतून डोकं बाहेर काढलं, टपावरची ड्रायव्हिंग स्कूलची पिवळी पाटी वाचली आणि सगळ्या अंगणाला ऐकू जाईल असं म्हणाला, "आधी शिकवणारीला शिकवा रे कोणीतरी!"

हमाल हसले. कपाट हललं.

बाईंचे कान तापले. लाज वाटली, चांगलीच वाटली. इतक्या वर्षांत त्यांना कोणी असं बोललं नव्हतं. त्याला उत्तर द्यायला तोंड उघडलं, आणि लक्षात आलं की त्याचं म्हणणं अगदीच खोटं नाही.

"बाई, आता कुठे?" नर्सने विचारलं.

"मला काय माहीत!" बाई म्हणाल्या. "मी कालच आलेय या शहरात. मला इथली एक गल्ली माहीत नाही."

नर्सने त्यांच्याकडे पाहिलं. मग डोळे मिटून दोन क्षण बसली. बाईंना वाटलं, आता ही रडणार. पण तिने डोळे उघडले आणि म्हणाली, "थांबा. या गोदामाच्या पलीकडून आमची रात्रपाळीची बस जाते. मागच्या बाजूने रस्ता असणार."

आणि तिने ट्रकला लागू न देता गाडी जराशी मागे घेतली. मागे घेताना आरशात पाहिलं. कोणी सांगितलं नव्हतं! कपाटाला वळसा घातला, एका हमालाला हाताने थांबवलं, दुसऱ्याला जाऊ दिलं, आणि मागच्या फाटकातून गाडी रस्त्यावर काढली. पुढे चौक आला. ती थांबली, दोन्हीकडे पाहिलं, एका बसला पुढे जाऊ दिलं आणि निघाली. बाईंच्या तोंडाकडे पाहिलंच नाही. कशाला बघेल? बाईंना काही माहीतच नव्हतं. "इथून सरळ गेलं की खड्डा आहे बाई, म्हणून मी आधीच वळते हं," असं ती वर बाईंनाच समजावत होती. बाईंनी ब्रेकवरचा पाय हळूच काढून घेतला.

ऑफिससमोर गाडी लागली तेव्हा नर्सच्या ध्यानात आलं की आपण चार मोठे चौक ओलांडून आलो. तिने स्टिअरिंगवर डोकं टेकलं आणि खदखदा हसायला लागली. बाईही हसल्या, पण त्यांच्या डोक्यात दुसरंच चाललं होतं. गावातले लोक कौतुकाने सांगत, "बाई, अजून वळताना तुमचा आवाज ऐकू येतो." आजवर बाईंना ती शाबासकी वाटत होती. आज पहिल्यांदा वाटलं, की बिचाऱ्यांना मी वळायला शिकवलं, पण कधी वळायचं ते ठरवायला शिकवलंच नाही.

पण खंत करत बसणं बाईंच्या रक्तात नव्हतं. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी गाडीत बसल्या बसल्या सांगायला सुरुवात केली, "मला इथलं काही कळत नाही. तुम्हाला जायचंय तिथे मला न्या." एका शिंप्याने त्यांना कापडबाजारात नेलं. एका नव्या नवरीने सासूच्या घरापर्यंत नेलं आणि दारातूनच परत फिरवलं. टेम्पोवाले पुढे घुसतच होते, कोणी वाट देत नव्हतं, आणि गाड्या तरीही नीट चालत होत्या.

"ताई, हे कसलं शिकवणं?" धाकटी ओरडली. "तू नुसती बसून असतेस!"

"तेच तर अवघड आहे," बाई म्हणाल्या. "तुला जमायचं नाही."

आठवडा संपला. बाई परतल्या तेव्हा साहेब बस-स्टँडवर उभे होते. घरी येऊन चहा झाल्यावर बाईंनी सगळं सांगितलं. बेकरी, गोदाम, कपाट, ट्रकवाला. ट्रकवाल्याचं वाक्य तर त्याच्या आवाजात सांगितलं. साहेब हसले नाहीत.

"मला हीच भीती होती," ते म्हणाले. "म्हणून तर मी काटा मधे धरून ठेवला. इथे सगळं गाव तुला वाट देतं. तिथे तुला कोणी असंतसं बोललेलं मला सहन झालं नसतं."

"अहो, त्याने तोंड टाकलं म्हणून तर माझं तोंड बंद झालं, आणि त्या पोरीला गाडी आली!" बाई म्हणाल्या. "मला कोणी ओळखत नाही, मला काही माहीत नाही, हा तोटा वाटत होता मला. तोच कामाला आला. मला जायचंय. अगदी मनापासून जायचंय." मग त्या साहेबांकडे वळल्या. "पण तुम्ही अजून स्वतःचं काही टाकलं नाहीत पारड्यात. तुम्हाला इथेच राहायचं असेल तर तसं स्पष्ट सांगा. मी नाही जाणार. रुसणारही नाही. म्हणजे थोडी रुसेन."

साहेबांनी वर्तमानपत्र बाजूला ठेवलं. मग उठून स्वयंपाकघरात गेले, टोमॅटोची पिशवी घेऊन आले आणि टेबलावर ठेवली.

"सकाळी एक किलो मागितले होते," ते म्हणाले. "हात लावून बघ."

बाईंनी पिशवी उचलली. "दीड किलो तरी असतील."

"नेहमीच असतात. नोकरीत असताना माझ्या भीतीने जास्त टाकायचे. आता सवयीने टाकतात. मी परत द्यायला गेलो तर भाजीवाला माफी मागत सुटतो, म्हणून देतही नाही. मी दुकानात शिरलो की लोक बोलायचे थांबतात. तुला इथे वाट देतात ते प्रेमाने देतात. मला..." ते अडखळले. "सगळ्या गावाला बरोबर वजन मिळावं म्हणून मी जन्म घालवला. मला स्वतःला या गावात एकदाही बरोबर वजन मिळालं नाही."

बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. इतक्या वर्षांचा संसार, रोज त्याच टोमॅटोची भाजी केली, आणि हे आपल्याला कधी कळलं नाही! त्यांनी साहेबांचा हात धरला.

तेवढ्यात फोन वाजला. धाकटीच होती, तिला धीर कुठला? साहेबांनीच उचलला.

"भाऊजी, काय ठरलं? हो की नाही ते एकदा सांगून टाका."

"एक विचारायचं होतं," साहेब म्हणाले. "तुमच्या इमारतीखाली भाजीवाला आहे का?"

"आहे की. का?"

"तो मला ओळखत नाही ना?"

"तो तुम्हाला कशाला ओळखेल?"

"मग आम्ही येतोय," साहेब म्हणाले.