आण्याचा पावणा

सरूबाईंच्या मोबाइलवर ईमेल येतात, हे त्यांनाही अलीकडेच कळलं होतं. मुलगा सुदर्शन चाकणला कंपनीत होता. ते सगळं त्यानेच जोडून दिलं आणि जाताना बजावलं, "आई, ओटीपी आला तर परक्या माणसाला सांगायचा न्हाई." सरूबाईंनी मान डोलावली. परक्याला सांगायला त्या काय वेड्या होत्या?

त्या दिवशी राजुरीच्या घरी एकट्याच लसूण सोलत बसल्या असताना ईमेल आला. वर सरकारी शिक्का. नवऱ्यामागे मिळणाऱ्या पेन्शनमधून कर जास्त कापला गेलाय, परत हवा असेल तर खाली दाबा. त्यांनी दाबलं, विचारलं ते सगळं भरलं. खात्यात नात संस्कृतीच्या नर्सिंगच्या फीचे पैसे होते. त्यात थोडी भर पडली तर बरंच, असं त्यांना वाटलं. लगेच फोन वाजला.

"इन्कम टॅक्स ऑफिसमधून बोलतोय. मेसेजमध्ये ओटीपी आलाय, तो सांगा."

सरूबाई गोंधळल्या. पोरगा म्हणतो सांगू नको, सरकार म्हणतं सांग. ऐकावं कुणाचं? मग फोनवर नवा माणूस भेटला की त्या जे विचारायच्या, तेच त्यांनी विचारलं.

"भाऊ, गाव कंचं तुमचं?"

"इकडचंच, मावशी."

"कंच्या अंगाला? आण्याकडं का?"

"हो, आणेच."

"अगं बाई! मग गेणभाऊंच्या भावकीतले असाल."

"बरोबर ओळखलंत. चुलते लागतात माझे."

सरूबाईंचा जीव भांड्यात पडला. त्यांची धाकटी बहीण कुशाबाई आणे गावात दिलेली, गेणभाऊ तिचे दीर. म्हणजे हा परका कुठला, घरचाच पावणा निघाला. परक्याचा नियम पावण्याला कसा लावायचा? चष्मा चढवून त्यांनी मेसेज उघडला. पण पावण्याशी चार शब्द न बोलता एकदम कामाचं बोलणं त्यांना जमेना.

"म्हंजी आमची कुशाबाई तुमची काकीच की."

"हो, काकीच. कालच भेटल्या, मावशी. तुमची लई आठवण काढत होत्या."

सरूबाईंना भरून आलं. कुशा आठवण काढते! आणि मग त्या थबकल्या. कुशाबाई जाऊन वर्ष होत आलं होतं. दहाव्याला त्या स्वतः आण्यात होत्या, सगळ्या भावकीने सुतक पाळलं होतं. मग या पुतण्याला ठाऊक कसं नाही? आणे कोण म्हणालं आधी? मीच. गेणभाऊंचं नाव? तेही मीच. हा नुसता हो हो करत होता. सगळं घर मीच त्याच्या हातात दिलं.

"मावशी, लवकर सांगा, वेळ संपतोय."

"काल कुशा भेटली ना तुला?"

"हो, भेटल्या."

"मग आज बी जा मुडद्या! तिच्याकडनंच घे तो नंबर!"

फोन कट केला आणि त्याच हाताने सुदर्शनला लावला. खातं आधी बंद करायला सांगायचं होतं. ते त्यांनी सांगितलंही, पण अडखळत, मागचं पुढं करत. तो घाईघाईने विचारत होता, "आई, आकडा दिला न्हाई ना? नीट आठव."

"न्हाई दिला," सरूबाई म्हणाल्या आणि रडू लागल्या. "पन कुशा भेटली म्हनला रं तो. आन् मला खरंच वाटलं."