काचेचा हात

टाचणीचं म्हणणं एकच होतं: बाबांचं डोकं विसरत असेल, पण हात विसरलेला नाही. हे ती इतक्या वेळा आणि इतकं ठासून म्हणाली की शेवटी आईने हात टेकले.

"बरं," आई म्हणाली. "दातवाल्या डॉक्टरीणबाईंची माशांची टाकी आलीय ना, ती करू दे त्यांना. नीट झाली तर येऊ देत रोज गाळ्यात. बिघडली तर सोमवारपासून केंद्रात. मग माझ्याशी हुज्जत घालायची नाही."

केंद्र म्हणजे विसराळू माणसांना दिवसभर सांभाळणारी जागा. टाचणी एकदा तिथे जाऊन आली होती. एका लांब टेबलाशी एक आजोबा मणी ओवत बसले होते. माळ पुरी झाली की मागून एक बाई यायची, दोरा ओढून सगळे मणी पुन्हा वाटीत सोडायची, आणि आजोबा पुन्हा पहिल्यापासून सुरू. आजोबांना त्याचं काहीच वाटत नव्हतं, आणि टाचणी तिथून अर्ध्यातच उठून आली होती ती त्याच गोष्टीने.

टाचणी हे तिचं घरातलं नाव. बारीक अंगाची, आणि तोंड उघडलं की टोचणार, म्हणून. कॉलेज संपवून ती घराखालच्या गाळ्यात आली आणि आईच्या जोडीला राहिली. गाळ्यात अ‍ॅक्रिलिकच्या, म्हणजे काचेसारख्या पारदर्शक प्लास्टिकच्या, मत्स्यटाक्या दुरुस्त होत. गळके सांधे भरायचे, कोपऱ्यांना आतून पट्ट्या लावून बळकटी द्यायची. हे काम इथे आणलं बाबांनी. त्याआधी, टाचणीच्या जन्माच्याही आधी, ते काचेच्या टाक्या करायचे. मग अ‍ॅक्रिलिक आलं आणि त्यांनी काच सोडली ती सोडलीच.

डॉक्टरीणबाईंची टाकी चौघांनी उचलून आत आणली. तिच्यात राहणारा मासा मोठा, चपटा आणि कायम तोंड वाकडं केलेला. दवाखान्यातली पोरं त्याला सासूबाई म्हणायची, कारण तो येणाऱ्याजाणाऱ्याला अक्षरशः पाण्यात पाहायचा. सध्या सासूबाईंचा मुक्काम दवाखान्याच्या मोरीतल्या टबात होता आणि त्या कुणाशी बोलत नव्हत्या.

टाकीचा मागचा खालचा सांधा पांढरट पडला होता. वर कुणीतरी सिलिकॉन थापून ठेवलेलं.

"हे कोण शहाणं?" बाबांनी नखाने सिलिकॉनची कड उचलली. ते सालीसारखं सोलून आलं. "बघ. धरतच नाही. अ‍ॅक्रिलिकला सिलिकॉन म्हणजे ओल्या भिंतीला चिकटवलेलं पोस्टर."

टाचणीने आईकडे असं पाहिलं की जणू बाबा बोर्डात आले.

"आज चांगला दिवस आहे त्यांचा," आई हळूच म्हणाली. "काल मला विचारत होते, बाई, तुम्ही कुणाकडे आलात."

"मग तू काय म्हणालीस?"

"म्हटलं, तुमच्याकडेच. चुकून आले आणि राहिले."

सिलिकॉन खरवडून निघालं. टाकी सुकली, अगदी हाडासारखी कोरडी झाली. मग खरं काम. पाण्याइतकं पातळ रसायन बारीक सुईच्या बाटलीत भरायचं आणि सांध्याच्या फटीवरून सुई एका चालीने ओढत न्यायची. फट ते आपसूक आत ओढते आणि दोन्ही बाजूंचं अ‍ॅक्रिलिक विरघळून एकजीव होतं. त्याला घरात 'औषध पाजणं' म्हणत. चाल अडखळली की बुडबुडा राहतो, आणि बुडबुडा राहिला की आज ना उद्या गळती.

"बाबा, औषध?" टाचणीने बाटली पुढे केली.

"मला की टाकीला?"

"तुमचं सकाळीच झालं."

"असं? मग मी बरा असणार."

ते गुडघे टेकून बसले. जीभ ओठाच्या कोपऱ्यात, एक डोळा मिटलेला. सुई सरकू लागली. तिच्या मागे पांढरट सांधा पारदर्शक होत गेला. आई दाराशी कपडा पिळत होती, तो पिळून कोरडा झाला तरी पिळतच होती. सुई टोकाला पोचली. एक बुडबुडा नाही.

मग त्यांनी आतल्या कोपऱ्यात तिकोनी पट्ट्या बसवल्या, दाट गोंद भरून, चिकटपट्टीने ताणून. दोन दिवस टाकीला कुणी बोट लावलं नाही. तिसऱ्या दिवशी चिकटपट्ट्या काढल्या आणि आईने टॉर्च धरून चारही सांधे पाहिले. फार वेळ पाहिले.

"हात आहे गं अजून," ती म्हणाली.

टाचणीचा जीव असा काही भांड्यात पडला की आवाज आला असता. "मी काय सांगत होते? मी काय सांगत होते गेले सहा महिने?"

"पाणी भरून बघू, मग नाच."

पण ती नाचतच वर गेली. डॉक्टरीणबाईंना फोन लावला, टाकी न्यायला उद्या या म्हणाली, सासूबाईंना नमस्कार सांगा म्हणाली. आई भाजी चिरायला बसली. बाबा खाली एकटे राहिले. थोडाच वेळ. त्यांनीच केलेली टाकी, त्यांचाच गाळा. एकटं ठेवायला काय हरकत, असं दोघींनाही वाटलं, आणि वाटलं तेही किती दिवसांनी.

टाचणी जिना उतरली आणि तिसऱ्या पायरीवर तिला वास आला. इंजेक्शनच्या आधी दंडाला लावतात, तो.

या गाळ्यात स्पिरिट नसे. तो बाबांचाच नियम. अ‍ॅक्रिलिकला स्पिरिट लागलं की ते आतून फुटतं, त्यातून नवा सांधा असला तर बघायलाच नको. हे टाचणीला वर्णमालेच्या आधी ठाऊक होतं. बाटली घरातल्या औषधांच्या डब्यातली होती. बाबा मऊ फडक्याने टाकीचा आतला कोपरा पुसत होते, प्रेमाने, लहान मुलाचं तोंड पुसावं तसे.

"बाबा, थांबा."

"झालंच. बघ कशी लखलखली."

तिने पाहिलं. नव्या पट्टीच्या कडेने एक केस उमटला. चांदीसारखा, आतल्या आत. मग त्याच्या शेजारी दुसरा. मग सांध्याच्या दोन्ही अंगांना ते पसरत गेले, कोळ्याने घाईघाईने जाळं विणावं तसे. आवाज काहीच नाही. तिने ओल्या फडक्याने पुसून पाहिलं. रेषा पृष्ठभागावर नव्हत्याच, पुसणार काय?

"काच तडकली वाटतं," बाबा म्हणाले. "माल हलका दिलाय त्याने."

काच.

जिन्यावर आईची पावलं वाजली. टाचणीने बाबांच्या हातातलं फडकं ओढून घेतलं, बाटली आपल्यापुढे सरकवली. आई आत आली. तिने आधी वास घेतला, मग टाकी पाहिली.

"माझं चुकलं," टाचणी म्हणाली. "मी पुसलं. घाईत लक्षातच आलं नाही, आई. बाबांनी काही केलं नाही."

आईने तिच्याकडे पाहिलं. क्षणभर, अगदी क्षणभर, टाचणीला वाटलं की आई हे मान्य करणार. खोटं आहे हे कळूनही करणार. आईच्या चेहऱ्यावर तसं काहीतरी आलंही होतं.

"ती कशाला पुसेल?" बाबा दुखावून म्हणाले. "तिला कुठे येतं? मी पुसलं. काच स्पिरिटनेच पुसायची असते. डाग राहात नाही. या धंद्यात आहे मी, बाई. अशीतशी कामं करत नाही."

बाबांनी दोघींकडे आळीपाळीने पाहिलं. कौतुकाची वाट पाहणारा माणूस पाहतो, तसं.

"छान झालीय," आई म्हणाली. आणि मग, आवाज अजिबात न बदलता, टाचणीला: "सोमवारसाठी त्यांचे धुतलेले कपडे काढून ठेव."

टाचणी सगळं एका हातावर लावून बसली होती, आणि तो हात खरंच काही विसरला नव्हता. तो फक्त मागे गेला होता, ती जन्मायच्या आधीच्या काचेकडे. तिथून पुढचं त्याला कुणी शिकवलेलंच नव्हतं.

आई वर गेली. तिला डॉक्टरीणबाईंना फोन करायचा होता आणि मग केंद्राला.

बाबांनी टाचणीच्या हातातल्या फडक्याकडे बोट दाखवलं. "शिकायचंय ना? मग ये अशी. गोल गोल नाही फिरवायचं, फराटे दिसतात. वरून खाली. एकाच दिशेने."

टाकी आता कशालाच उपयोगी नव्हती. तिने फडक्यावर स्पिरिट घेतलं आणि वरून खाली पुसायला लागली.

"दाब थोडा कमी," बाबा म्हणाले. "हां. आता जमतंय तुम्हाला, बाई."

फडक्याखाली रेषा पसरत राहिल्या.