गळ्याची ट्रायल

मी कलावती. रायपूरात तीस वर्षं झाले, बायांचे ब्लाउज शिवून राहिली. गळा म्हटलं का मले ब्लाउजचाच गळा सुचे. गोल, चौकोनी, पानाचा. माणसाच्या गळ्याच्या आतमंधी काय असते, हे मले कशाले माहीत असते बाप्पा! तेही शिकावं लागलं.

आमचे हे, नत्थू, सिलतऱ्याच्या एका कारखान्यात भट्टीवर होते. दोन वर्षांमागं छातीत गॅस गेला. चाळीस दिवस घशात नळी घालून श्वासाच्या मशीनवर ठेवलं होतं. जीव वाचला, पण त्या नळीच्या घासण्यानं श्वासनळी आतून आकसून गेली. मग डॉक्टरायनं गळ्याले समोरून भोक पाडलं. श्वास तिथून चाले, आवाज मात्र गेला.

आन् काय आवाज होता! रविवारी विहारात वंदना हेच घेत, तं आमच्या पाऱ्यातल्या, म्हणजे मोहल्ल्यातल्या, शेवटच्या घरी ऐकू जाये. आमी भांडलो का शेजारची कांताबाई दुसऱ्या दिवशी मले विचारे, "कोण जिंकलं वं?" आता मले बोलवाचं असलं का हे माह्या कैचीनं मशीनच्या पाटावर टकटक करत. त्या टकटकीचा मले इतका राग ये का एक दिवस मी कैचीच लपवून ठेवली. दिवसभर यायनं मले बोलावलंच नाही. त्या दिवशी मी लय रडली. मंग भोक झाकाले यायचे सारे शर्ट मी बंद गळ्याचे शिवले.

नव्या रायपूरच्या एका संस्थेत डॉक्टर ज्ञानदा म्हणून पुण्याकडची पोट्टी होती. ती विरघळणाऱ्या जाळीवर काम करून राहिली होती. जाळीची बारीक नळी श्वासनळीत बसवाची. ती आतून ताणून धरते, तवरोक आपली नळी आपणच मजबूत होते, आन् दोन-तीन महिन्यांत जाळी अंगातच जिरून जाते. जाळी बसली का गळ्याचं भोक बुजवाचं. आवाज वापस.

"काकू, समजलं का?" तिनं विचारलं.

"समजलं ना. कच्चा टाका. पक्की शिलाई होईस्तोर कापड धरून ठेवते."

ती हसली. "अगदी बरोबर! पण काकू, ही ट्रायल आहे, हे लक्षात ठेवा."

मंग तिनं तासभर सांगतलं. धोके सांगतले, कागद वाचून दाखवला. तिची काही चूक नाही, हे मी आधीच सांगून ठेवते. माही पोट्टी रुचिता बाजूलेच होती. "मम्मी, ठीक से सुनो ना," म्हणे. पण माहे कान 'ट्रायल'पाशीच थांबले होते. तीस वर्षं ट्रायल घेतली मी. बाई घालून पाहाते, काखेत तंग झालं तं उसवाचं, दोन टाके सोडाचे, पुन्हा शिवाचं. ट्रायलमंधी आजवर कोणाचं कापड वाया गेलं नाही.

हे तयारच नव्हते. पाटीवर लिहून दाखवलं, "भोक बरं आहे. जगून तं राहिलो." मीच मागं लागली. "काहून भेता जी? ट्रायल तं हाय. नाही जमलं तं उसवू." माह्या तोंडाकडे पाहून यायनं सही केली.

फेब्रुवारीत जाळी बसली. भोक बुजलं. घरी आल्यावर मी चहा दिला. एक घोट घेतला आन् घोगऱ्या आवाजात म्हणाले, "साखर संपली काय वं घरातली?" मी मशीनवर डोकं टेकवून रडली. हे घाबरून म्हणे, "अवं, फिक्का पितो मी, रडू नको." पुढचे आठ आठवडे घरात भांडणच भांडण. इतकं सुख मले लग्न झाल्या झाल्याही नव्हतं.

चौदा एप्रिलले वंदना घ्याचं यायनं ठरवलं. मी पांढरा शर्ट शिवला, मोकळ्या गळ्याचा.

बारा तारखेले चहा पेताना यायच्या श्वासात सीटी ऐकू आली. बारीक, दूर कोणाच्या घरी कुकर लागला अशी. ज्ञानदानं दहा वेळा बजावलं होतं, सीटी आली म्हणजे नळी आकसून राहिली, तेव्हाच्या तेव्हा फोन. मी फोन उचलला. यायनं माहा हात धरला. "चौदा होऊ दे, कलावती. ते पुन्हा भोक पाडतील. एक वंदना घेऊ दे मले."

मी फोन खाली ठेवला. रुचिताले सांगतलं नाही. मनात म्हटलं, ट्रायलच तं हाय, दोन दिवसांनं उसवून घेऊ.

चौदाले सकाळी यायनं वंदना घेतली. आवाज कापून राहिला होता, तरी शेवटपर्यंत घेतली. मंग खाली बसले आन् श्वास अडकला. ॲम्ब्युलन्समंधी पोट्ट्यायनं शर्टाचा गळा कैचीनं कापला, छाती दाबली. वाटेत तेलीबांध्याचा तलाव आला, तेव्हा हे गेले होते. जाळी ठरल्या वेळीच जिरली होती. आतली श्वासनळीच पक्की झाली नव्हती.

जूनमंधी ज्ञानदा घरी आली. यायच्या फोटोले हात जोडले. मंग म्हणाली, "काकू, आता आम्ही जाळी जास्त दिवस टिकेल अशी करतोय. काकांमुळे कळलं."

माहं डोकंच फिरलं. "म्हणजे माह्या नवऱ्याच्या अंगावर माप घेतलं तुमीनं!"

"हो," ती म्हणाली, आन् रडाले लागली.

तिचं रडणं पाहून माहा राग गळून गेला. जे रुचितालेही सांगतलं नव्हतं, ते मी तिले सांगतलं. सीटी बारालेच आली होती. मी दोन दिवस थांबली.

तिनं डोळे पुसले. "का थांबलात, काकू?"

"तुमी ट्रायल म्हटलं ना. आमच्यात ट्रायल उसवता येते."

 तिनं थैलीतून नवीन कागद काढला, पुढच्या पेशंटचा. 'ट्रायल'च्या खाली पेनानं लिहिलं: 'हे परत उसवता येत नाही.' "असं चालेल?" तिनं विचारलं. मी वाचलं. चालते म्हटलं.

ती गेल्यावर मी पेटीतून पांढरा शर्ट काढला. गळ्यापासून खालपर्यंत सरळ कापलेला. पहिले कच्चा टाका घातला, मंग मशीनवर पक्की शिलाई मारली. दोरा दातानं तोडला, शर्ट झटकला, आन् सवयीनं आतल्या खोलीकडे आवाज दिला, "अहो जी, घालून पाहा बरं."