पाण्याचे चार वाफे

त्रिवेणी येणार म्हटलं की बसप्पा सकाळीच दाढी करून तयार. उमादेवी चुलीपुढून म्हणायच्या, "आपल्या लग्नात बी एवढं आवरलं न्हवतं तुमी."

लेक परभणीला कृषी विद्यापीठात एम.एस्सी. करत होती. पानांवर लोह आणि जस्त फवारलं तर हरभरा किती वाढतो, घाटे म्हणजे शेंगा किती धरतो, हा तिचा विषय. प्रयोग तिनं चारठाण्याजवळच्या घरच्या शेतात घेतला होता. सोळा वाफे. चारांवर लोह, चारांवर जस्त, चारांवर दोन्ही आणि चारांवर नुसतं पाणी. या पाण्याच्या वाफ्यांशी ताडून पाहिल्याशिवाय बाकीच्या बारांच्या आकड्यांना काही अर्थ नव्हता.

दर पंधरा दिवसांनी ती मोजमापाला येई. सहा वर्षं वसतिगृहात राहिलेली पोरगी. दिवाळीलाही दोन दिवसांवर टिकत नसे. आता बसप्पा झाडाला पट्टी लावत आणि ती वहीत आकडा लिही. हरभऱ्याच्या पानांवरच्या आंबट आंबेनं दोघांच्या पोटऱ्या चुरचुरत.

डिसेंबरात जेवताना ती म्हणाली, "फरक चांगला दिसायलाय, आप्पा. यंदाच काम संपलं की मी कोइमतूरला जाईन. पीएच.डी.ला."

"अन् न्हाई दिसला तर?"

"तर अजून एक रब्बी."

बसप्पांनी मोडलेली भाकरी ताटात परत ठेवली.

घाटे धरायच्या वेळी दुसरी फवारणी होती. त्रिवेणीची परीक्षा आली, म्हणून तिनं पुड्यांवर नावं घालून काम वडिलांवर सोपवलं. जमीन चुनखडीची, पिकाला लोह मिळू न देणारी; पाण्याच्या वाफ्यांतले शेंडे पिवळे पडले होते. दव सुकल्यावर बसप्पांनी पंप पाठीवर घेतला. बारा वाफे सांगितल्याप्रमाणे फवारले. मग पंप धुवायचा होता, तो त्यांनी धुतला नाही. लोह-जस्ताचं उरलेलं पाणी चारही पिवळ्या वाफ्यांवर मारलं. शेताच्या धुऱ्यावर कोणी नव्हतं. पंधरा मिनिटांचं काम.

नवव्या दिवशी त्रिवेणी आली. पाण्याच्या पहिल्या वाफ्यात वाकली ती वाकलीच. शेंडे हिरवेगार होते. ती दुसऱ्यात गेली, तिसऱ्यात गेली. चौथ्यापर्यंत गेलीच नाही.

"आप्पा, यात काय मारलंत?"

पिवळी झाडं बघवली नाहीत, असं सांगता आलं असतं. तिनं ते खरंही मानलं असतं. बसप्पा म्हणाले, "दोन्ही मारलं. मुद्दाम."

"का?"

"अजून एक रब्बी आली असतीस."

तिनं वही मिटून पिशवीत टाकली. ती ओरडली असती तर बसप्पांना बरं वाटलं असतं.

"गाइड सरांना खरं सांगावं लागंल," ती म्हणाली. "हे आकडे गेले. कोइमतूर बी यंदा गेलं."

"मग पुढच्या रब्बीला..."

"पुढच्या रब्बीला प्लॉट विद्यापीठाच्या शेतात, आप्पा. हितं न्हाई."

हे बसप्पांच्या ध्यानातच आलं नव्हतं.

"तिथं फवारायला कोण हाय?"

"मजूर हायत."

"नीट मारतील का ते?"

तिला हसू आवरलं नाही. डोळे मात्र भरले होते. "तुमच्यापरीस नीट."

जिंतूरच्या बसपर्यंत तिची पिशवी बसप्पांनीच धरली. गाडी वळणावर दिसली तेव्हा त्यांनी विचारलं, "मी आलो तर? नुसतं बघायला. पंपाला हात लावणार न्हाई."

"या की."

"पेरणी कधी?"

"ऑक्टोबरात."

तेव्हा जानेवारीचा दुसरा आठवडा चालू होता.